दोन तास अलीकडे

पहाटे सव्वाचारला काटा नऊशे अठ्ठ्याण्णववर.
काल झोपताना हजार सहा होता.
काचेवर टिचकी मारली,
तो अजून जरासा खाली आला,
नापास झालेला पोरगा नजर उतरवतो तसा.

उत्तरेचा वारा, आज तिसरा दिवस.
एप्रिल, आमच्याकडे पानं गळायचा महिना,
आणि अंजिराला चुकून कोवळा कोंभ फुटलाय.
मीठ बरणीला धरून बसलंय.
नदी दोनशे पावलं मागे हटलीय,
धक्क्याखाली खडक उघडे, एक बूट, एक गंजकी सायकल.
ही नदी एवढी रुंद
की पलीकडचा किनारा आम्ही ऐकूनच मानतो.

एकतीस वर्षं मी लोकरीच्या गिरणीत होते.
हवा कोरडी असली की सूत तटातट तुटायचं,
दमट असली की मऊ, सांगितलेलं ऐकणारं.
ओलावा मोजायला मी तिथे शिकले, बोटांच्या पेरांवर.
गिरणी बंद पडली. पेरं चालू आहेत.

मॉन्तेव्हिदेओहून सहाला सांगतील:
थंड हवेची आघाडी, दक्षिण किनाऱ्यावर,
संध्याकाळी, जोरदार वाऱ्यांसह.
चूक नाही त्यांची.
पण किनारा केवढा! आमचा धक्का
त्यांच्या नकाशात पेन्सिलीच्या टोकाखाली झाकला जातो.

सव्वासहाला रेडिओवरच्या ओस्मारचा फोन.
"बोला, दोन्या निदिया."
माझ्या हिशेबाने साडेचार.
मी सांगते, अडीच.

त्यातला पहिला तास विल्मारच्या थोरल्या भावाचा.
त्या वर्षी मी काट्यावर विसंबून "रात्री" म्हणाले
आणि आघाडी दुपारच्या जेवणालाच आली.
होडी तीन दिवसांनी सापडली, उपडी,
इंजिनाच्या खाचेत अडकलेली त्याची टोपी,
आमच्याच गिरणीची लोकर.
मला कोणी बोल लावला नाही.
लावला असता तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मी एक तास आधीची वेळ सांगायचे.
कोळ्यांना ते कळलं, ते एक तास मिळवू लागले.
मला हे कळलं, मी दोन वजा करू लागले.
विल्मार म्हणतो, "अशाने एक दिवस
तुम्ही कालचं हवामान सांगाल."

एकच्या सुमारास हवेत धागे उडायला लागले.
हे दुसरे कोळी, आठ पायांचे.
दोन पायांचे अजून पाण्यावर.
तारांना, अँटेनाला, माझ्या चष्म्याला पांढरे तंतू.
गावात याला सैतानाची लाळ म्हणतात.
मला ते सूतच वाटतं,
गिरणी कोणीतरी गुपचूप सुरू केल्यासारखं.

मग वारा पडला.
दोरीवरचे कपडे सरळ लोंबू लागले,
तीन घरांपलीकडचा एल्विराचा खोकला
माझ्या स्वयंपाकघरात ऐकू आला.
नैर्ऋत्येला क्षितिजभर एक गुंडाळी,
कापडाचा तागा आडवा घरंगळत यावा तशी,
राखाडी, खालची कड काळी.
दोन वाजून पस्तीस मिनिटं.
माझ्या साडेचारला तिने विचारलंसुद्धा नाही.

या वयात धक्क्यापर्यंत धावले.
मोजल्या: चार, पाच, सहा.
सातवी विल्मारची, एक तास मिळवून बसलेली,
ती टेकली तेव्हा त्याने फेकलेली दोरी
वाऱ्याने अर्ध्यातून त्याच्याच तोंडावर परत दिली.
मग वाळू, टपरीचा पत्रा, कुणाचीतरी खुर्ची,
आणि दहा मिनिटांत अकरा अंश खाली.

संध्याकाळी तो दारात उभा,
हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला मासा.
"अडीच म्हणालात, अडीचला आली.
आजपासून मिळवणं बंद."
मी मासा घेतला. खरं सांगायला तोंड उघडलं,
त्यातून "आत ये, गार आहे" एवढंच निघालं.

वहीत दोन रकाने: अंदाज, प्रत्यक्ष.
पहिल्यात साडेचार, सकाळीच शाईने लिहिलेलं.
खोडलं नाही.
काटा आता चढतोय, हजार दोन, हजार चार.
उद्याचं सोपं आहे, उद्या थंड आणि स्वच्छ.
पुढच्या आघाडीला या माणसाला काय सांगायचं
ते मासा साफ करता करता ठरवू म्हटलं.
खवले भिंतीपर्यंत उडाले.
ठरलं नाही.